गोफणीनं पाडलेलं विमान

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि हातातल्या कपबश्या खाली ठेवा. मागच्या खेपेला हीच गोष्ट ऐकताना आमच्या एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता, अन् धोतर खराब झालं ते माझं.

तर मी एकदा विमान पाडलं. गोफणीनं!

झालं? लागलात? अहो, तुम्ही आज हसताय, पण तेव्हा मी स्वतः दीड दिवस त्यावर विश्वास ठेवून होतो. नुसता विश्वास नाही, कागदावर सही करून दिली होती. विमान पाडल्याची लेखी कबुली देणारा माणूस अख्ख्या निजामी राज्यात मी एकटाच असेन.

मोठी लढाई अजून लागायची होती तेव्हाची गोष्ट. मी असेन बावीस-तेवीस वर्षांचा. आष्टीच्या शिवारात आमचं काळं रान. वडील मी लहान असतानाच गेले, काकांनी वाढवलं. काका गावचे पोलिस पाटील; म्हणजे सरकार आमच्या घरातच जेवायला बसायचं.

माझं लग्न रखडलं होतं. दोन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या, अन् दोन्ही माझ्या तोंडामुळे. पहिल्या ठिकाणी मी मुलीच्या बापाला म्हणालो, तुमचा डावीकडचा बैल लंगडतोय. दुसऱ्या ठिकाणी बैल चांगले होते, मुलीचा मामा लंगडत होता. तेही मीच सांगितलं.

तिसरं स्थळ आलं ते तात्यांच्या मुलीचं, यमुनेचं. तात्यांचं गाव परतूरच्या वाटेवर, आमच्यापासून चार-पाच कोस. मोठं घर, एकुलती एक मुलगी. ती मी एका लग्नात लांबून पाहिली होती, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. हसू नका, खरंच लागत नव्हतं.

आता आमच्याकडे सोयरीक जुळवायची रीत अशी, की मुलीचा बाप आधी रान बघतो, मग बैल बघतो आणि शेवटी मुलगा बघतो. तात्यांना काकांनी हुरड्याला बोलावलं. ज्वारी ऐन हुरड्यात आलेली, डोक्याच्या वर गेलेली. अशी ज्वारी पाहून मुलगी न देणारा बाप आमच्या भागात तरी जन्माला आलेला नव्हता.

काकांनी मला सकाळीच दम दिला.

"किसन, आज तू बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई. तात्या काही पुसले तर 'जी' म्हनायचं."

"अन् न्हाई पुसले तर?"

"तरी बी 'जी'च म्हनायचं."

तात्या आले. पांढरं शुभ्र धोतर, पांढरा सदरा, पांढरा पटका. त्यांची बैलजोडीही पांढरी. बैल त्यांनी लिंबाखाली बांधले, आम्ही आगटीभोवती घोंगडी टाकली. गोवऱ्यांचा लालभडक विस्तव, त्यात भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. तात्या मुठीमागून मूठ तोंडात टाकत होते, ज्वारीकडे बघत होते आणि मान हलवत होते. मी 'जी, जी' करत होतो. सगळं इतकं बराबर चाललं होतं की मला आतून भीती वाटायला लागली होती.

तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "पाखरं लई त्रास देत असतील?"

आता सांगा, गोफणीचा विषय निघाल्यावर माझ्यासारख्यानं गप्प कसं बसायचं? मचाणावर उभा राहून पाखरं हाकलण्यात माझी उभी हयात गेलेली. दोन पदरी सुताची गोफण, मधल्या खोबणीत दगड, डोक्यावर गरगर फिरवायची अन् नेमक्या वेळेला एक पदर सोडायचा. मी सुटलो.

"पाखरं? तात्या, आपला दगड सुटला की पाखराला कळतं, आता काही खरं न्हाई! उडत्या पाखराचं शेपूट उडिवतो मी. आजवर नेम चुकला न्हाई!"

काकांनी डोळे मिटून घेतले. पण तात्या हसले. "असं?" म्हणाले. "मंग दाखव की एकदा."

मी गोफण उचलली, खोबणीत दगड ठेवला आणि आभाळाकडे पाहिलं. इतका वेळ थवेच्या थवे उतरत होते, पण आता औषधाला पाखरू नाही! मी तसाच वर तोंड करून उभा. अन् तेव्हाच तो आवाज आला.

घर्रर्रर्र...

"मोटार आली जनू," काका म्हणाले.

"इकडं कुठून येईल मोटार? रस्ता कुठं हाय?" तात्या म्हणाले.

मोटार वरून आली! ज्वारीच्या कणसांवरून, लिंबाच्या बरोबरीनं, असं ते विमान आलं. त्याआधी आम्ही विमान पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते आभाळात उंच, घारीएवढं. हे इतकं खाली, की आतल्या माणसाचा काळा चष्मा दिसला. तो एक हात बाहेर काढून आमच्याकडे बघत काहीतरी ओरडत होता.

तात्या ताडकन उभे राहिले आणि त्यांनी विमानाला वाकून तीन सलाम केले.

"सरकारी साहेब असनार कोनी," ते म्हणाले. "पाटील, सलाम करा जल्दी!"

काकांनी घाईघाईनं पटका चढवला, तोवर विमान गेलं. गेलं म्हणजे काय, वळलं आणि परत आलं. आणखी खाली! काकांनी सलाम केला. तो माणूस पुन्हा हात हलवत ओरडला. मला वाटलं, शिव्या देतोय. काकांना वाटलं, सलाम कमी पडला. त्यांनी आणखी दोन केले.

तिसऱ्या फेरीला कहर झाला. विमान आगटीवरूनच गेलं. असा वारा सुटला की आगटीतली सगळी राख उठली आणि ती सगळीच्या सगळी तात्यांवर बसली. नुसते डोळे दिसत होते. दह्याचं मडकं लवंडलं. लिंबाखालच्या पांढऱ्या जोडीनं कासरे तोडले आणि शेपट्या वर करून जी धूम ठोकली, ती पार दिसेनाशी झाली. आमची ज्वारी तर मधोमध भांग पाडल्यासारखी आडवी.

माझ्या डोळ्यांपुढे यमुना आली, आणि माझं डोकं फिरलं. तिसरी सोयरीक! आणि या खेपेला मी एक शब्दही वावगा बोललो नव्हतो!

हातात गोफण होतीच, गोफणीत दगड होताच. दात खाऊन गरगर फिरवली आणि सोडली.

ठण्ण!

असा स्वच्छ आवाज आला की मीच दचकलो. आणि विमान? विमान खोकलं. खरं सांगतो, म्हाताऱ्या माणसासारखं दोनदा खोकलं, त्याची घरघर बंद पडली, ते एका अंगावर कललं आणि ओढ्यापलीकडच्या पडीक रानात उतरत गेलं. कडाड् असं काहीतरी मोडलं. मग काहीच ऐकू येईना.

आम्ही तिघंही तसेच उभे.

"लागला," तात्या राखेतून म्हणाले.

"किसन," काका हळूच म्हणाले, "पोलिस पाटील म्हनून मी काही पाह्यलं न्हाई. पर तुझा काका म्हनून समदं पाह्यलं रे मी."

माझ्या मनात एकेक यायला लागलं. माणूस मेला असेल तर? सरकारी साहेब असेल तर? मला हैदराबादला नेऊन लटकवतील, आणि यमुनेचं दुसऱ्या कुणाशी लागेल. मी म्हणालो, "काका, मी जातो पळून. मामाकडं बदनापूरला."

तेव्हा तात्या बोलले. राखेनं माखलेलं तोंड, पण आवाज असा की मी जागच्या जागी थांबलो.

"हे बघ, पोरा. हातून झालं ते झालं. तू जाऊन कबूल केलंस तर पुढचं बोलू. पळालास तर माझ्या पोरीचं नाव काढायचं न्हाई. पळनाऱ्याला मी लेक देनार न्हाई."

म्हणजे बघा, एकीकडे फास, एकीकडे यमुना. मी ओढ्याकडे निघालो. गोफण बरोबर घेतली, पुरावा म्हणून.

ओढा ओलांडला तर विमान एका बाभळीत नाक खुपसून बसलेलं. खालचं एक चाक मोडलेलं, पंखाला काटे टोचलेले. आणि तो काळ्या चष्म्यावाला, जिवंत, धडधाकट, माझ्याच वयाचा, बाभळीखाली बसून पोटरीतला काटा काढत होता. मला पाहिलं तसा तो उठला, लंगडत धावत आला आणि त्यानं मला मिठी मारली!

मी गोंधळलो. मी गुन्हा कबूल करायला आलोय, अन् हा मिठ्या मारतोय!

"भाऊ, देवासारखे भेटले तुमी!" तो म्हणाला. "मी जालन्याचा, मदनलाल. परभणीहून रुळाच्या वरून वरून येत होतो, मधीच रूळ सुटला. जालना किधर है, म्हणून किती ओरडलो! ते दोघं नुसते सलाम करून राह्यले. तुमी एकटेच समजदार! हात गरगर फिरवून, इकडं उतर, इकडं मोकळं रान है, असं बराबर दाखवलं!"

"मी दाखवलं न्हाई," मी म्हणालो. "मी मारला."

"काय मारला?"

"दगड. गोफणीनं. तुमच्या विमानाला लागला. ठण्ण झालं, मंग तुमी पडले. मी कबूल करायला आल्तो."

मदनलाल माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं विमानाकडे बघितलं. मग गोफणीकडे. आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. मला वाटलं, काय दिलदार माणूस! मारणाऱ्याकडे बघून हसतो!

"भाऊ," त्यानं माझे दोन्ही हात धरले, "हे असंच, बराबर असंच, माझ्या बापूजींसमोर सांगाल का?"

"सांगीन की! कबूलच करायचं हाय मला."

"वा! वा!" म्हणत त्यानं मला दुसऱ्यांदा मिठी मारली. हा काय प्रकार आहे हे मला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर तुम्ही माझ्याहून हुशार आहात.

संध्याकाळच्या आत काकांनी पंचनामा लिहायला घेतला. काकांचं मोडी अक्षर म्हणजे आधीच अवघड, त्यात पुतण्यावर पंचनामा! 'सदरहू विमान लिंबाच्या शेंड्याइतके खालून जात असता सदरहू किसन याने सदरहू गोफणीने...' असं लिहीत ते दर ओळीला माझ्याकडे बघून सुस्कारा टाकत होते. मी सही केली. मदनलालनं तर न वाचताच केली. परतूरच्या स्टेशनावरून जालन्याला मदनलालच्या बापूजींकडे, म्हणजे शेठजींकडे, तार गेली. तात्यांचे बैल काही सापडले नाहीत, त्यामुळे तात्या आमच्याकडेच मुक्कामाला राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? ओसरीवर ही गर्दी! ज्यानं गोफणीनं विमान पाडलं तो बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. कुणी माझा दंड चाचपून बघत होतं. एका म्हातारीनं माझी दृष्ट काढली. आदल्या दिवशी लिंबाएवढं खाली असलेलं विमान सकाळी पहिल्या माणसाला सांगताना मी जरा वर नेलं. दहाव्या माणसापर्यंत ते घारीच्याही वर गेलं होतं.

तात्यांचाही नूर पालटला. आंघोळ करून पुन्हा पांढरे झाले होते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पाटील, खरं बोलनारं पोरगं हाय. अन् हातात जोर हाय. इमान पाडनारा जावई अख्ख्या परतूर तालुक्यात दुसऱ्या कोनाला हाय, सांगा बरं?"

जावई! मला ऐकू आलं ना, जावई! विमान पाडल्याचं मला आता जराही वाईट वाटेना.

दुपारी शेठजी आले, ते थेट ओढ्यापलीकडे विमानापाशीच. ठेंगणे, शांत, जालन्याच्या सरकीच्या बाजारात आयुष्य गेलेले. बरोबर त्यांच्या जिनिंगमधले गफूर मिस्त्री. शेठजी ना ओरडले, ना काही. मुलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हाड शाबूत आहे याची खात्री करून घेतली आणि एवढंच विचारलं,

"खालून उडत आलता का?"

"न्हाई बापूजी! आपकी कसम! मी लई वर होतो. या भाऊंनी दगड मारला. विचारा त्यांना."

शेठजी माझ्याकडे वळले. मागे तात्या उभे. सगळं गाव उभं.

"किती वर होतं?" शेठजींनी विचारलं.

आता तुम्हीच सांगा, लिंबाएवढं होतं म्हटलं तर माझी काय किंमत राहते?

"घारीच्या वर, शेठजी!" मी छाती काढून म्हणालो. "बारीक ठिपका दिसून राह्यला होता. तरी नेमका लावला!"

मदनलालनं माझ्याकडे असं प्रेमानं पाहिलं की सख्खा भाऊ पाहणार नाही. काका मात्र जोरात खोकले आणि पंचनाम्याचा कागद त्यांनी सदऱ्याच्या आत सरकवला.

तिकडे गफूर मिस्त्री विमानाभोवती फिरत होते. एकदा पंखावर टिचकी मारली. ठप. पोटावर मारली. ठप. मग त्यांनी वरचं टोपण उघडून आत काडी घातली, बाहेर काढून पाहिली, वास घेतला आणि शेठजींसमोर धरली.

"टंकी सूखी पडी है, शेठ. टिपूस न्हाई तेलाचा."

मदनलाल एकदम बाभळीच्या शेंगा बघायला लागला.

"मतलब?" शेठजी म्हणाले.

"मतलब पत्थर का क्या काम? तेल खतम हुआ, मशीन बंद पडी. और सुनो छोटे शेठ," मिस्त्री मदनलालकडे वळले, "उंचावर मशीन बंद पडली ना, तर मान्साला येळ मिळतो. इकडं बघ, तिकडं बघ, चांगलं रान बघून उतर. एवढ्या खाली बंद पडली तर बघायला काय मिळतं? बाभूळ!"

आता खरं म्हणजे मी नाचायला हवं होतं. माणूस मारला नाही, विमान पाडलं नाही, गुन्हा नाही, काही नाही! सुटलो होतो मी! पण माझी नजर तात्यांकडे गेली. त्यांचा मिशीवरचा हात खाली आला होता. विमान पाडणारा जावई त्यांच्या डोळ्यांदेखत पाखरं हाकलणारा होऊन राह्यला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "असं कसं? मीच पाडलं! मी सही केली हाय! ठण्ण वाजलं की हो! तात्या, वाजलं का न्हाई?"

"वाजलं," तात्या म्हणाले. "मी ऐकलं."

"ठण्ण?" मिस्त्रींनी डोळे बारीक केले. "अरे बाबा, हे कापडाचं हाय. लकडी अन् कपडा. ये देखो." पुन्हा टिचकी. ठप. "ठण्ण कुठून वाजंल?"

कापडाचं! मला कुणी सांगितलंच नव्हतं की विमान कापडाचं असतं! पण मी हटतोय होय?

"तोंडाला पत्रा हाय ना! तिथं लागला आसंल! चला रानात, मी कुठं उभा होतो ते दाखवतो. जसा मारला तसा मारून दाखवतो. मंग बोला!"

बघा, कसा उलटा कारभार! काल मी गुन्ह्यातून पळायला बघत होतो, आज माझा गुन्हा सिद्ध करायला सगळ्या गावाला घेऊन रानात निघालो. माझ्या बाजूनं एकटा मदनलाल. "हो हो, मला बी ऐकू आलतं," म्हणत तो लंगडत मागे येत होता.

रानात पोचलो तर धुऱ्याला, म्हणजे बांधाला, एक गाडी येऊन थांबलेली. तिला जुंपलेली तात्यांची पांढरी जोडी! झालं होतं असं, की आदल्या दिवशी बैल पळाले ते थेट घरीच गेले. तुटक्या कासऱ्यानं, धन्याशिवाय आलेले बैल दारात बघून तात्यांच्या घरी रडारड सुरू झाली. पहाट होताच तात्यांची बायको त्याच बैलांची गाडी जोडून, गडी बरोबर घेऊन निघाली होती. आणि तिच्या शेजारी गाडीत यमुना! तात्यांना धडधाकट बघून तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग एवढी गर्दी कशाला जमलीय म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली.

माझ्याकडे!

आता मला मागे फिरता येणार होतं का? मी आगटीपाशी त्याच जागी उभा राहिलो. बाह्या सारल्या. खोबणीत दगड ठेवला.

"हितं मी होतो. तिकडून विमान आलं, असं. मी अशी फिरवली..." गोफण गरगर फिरायला लागली. शेठजी, मिस्त्री, काका, तात्या, सगळे माना वर करून मोकळ्या आभाळाकडे बघायला लागले. "अन् अशी सोडली!"

ठण्ण!

"हाच!" मी आनंदानं उडी मारली. "हाच तो आवाज! तात्या, ऐकला का? बिलकुल अस्साच आल्ता!"

सगळे वर बघत होते. वर काहीही नव्हतं. मीही वर बघितलं. स्वच्छ निळं आभाळ, एक घारसुद्धा नाही. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं, पण नीट येईना. विमान नाही, मग ठण्ण कशाला वाजलं?

तेवढ्यात गाडीतून एक बारीक आवाज आला.

"तात्या, तो डबा वाजला."

यमुना बोरीच्या झाडाकडे बोट दाखवत होती. आमच्या बोरीला घासलेटचा एक रिकामा डबा तोंड वर करून टांगलेला होता. पाखरं भ्यावीत म्हणून मीच टांगला होता मागे, आत एक हाड बांधून. ते हाड कावळ्यानं पळवल्यापासून डबा महिनाभर वाजत नव्हता, म्हणून मी तो विसरूनही गेलो होतो. आता तो जोरजोरानं झोके घेत होता.

गफूर मिस्त्री गेले, त्यांनी डबा खाली काढला आणि उपडा केला. त्यातून दोन दगड पडले. एक कालचा, एक आजचा.

सगळ्यात आधी कोण हसलं असेल? शेठजी! तो आयुष्यभर न हसलेला माणूस धुऱ्यावर बसला आणि पोट धरून हसला. मग मिस्त्री, मग काका, मग सगळं गाव. तात्यांना हसता हसता खोकला लागला. मदनलालही हसायला लागला होता, पण शेठजी डोळे पुसत त्याच्याकडे वळले, "तू कशाला हसतो? घारीच्या वर व्हता ना तू?" तसा तो गप्प झाला. काकांनी सदऱ्यातून पंचनामा काढून शेठजींच्या हाती दिला. लिंबाचा शेंडा त्यात स्पष्ट लिहिलेला होता, आणि खाली मदनलालची सही होती.

पुन्हा खालून उडवलंस तर विमान विकीन, अशी शेठजींनी मदनलालला आधीच ताकीद दिलेली होती. म्हणून तो मला मिठ्या मारत होता, हे मला तेव्हा कुठं कळलं. विमानाचे पंख मागे दुमडून ते एका बैलगाडीला बांधलं, आणि तात्यांच्याच पांढऱ्या जोडीनं परतूर स्टेशनापर्यंत ओढून नेलं. इतकं खालून विमान कुणी कधी नेलं नसेल. जालन्याला पोचल्यावर शेठजींनी ते विकून टाकलं.

आणि मी? सगळे पांगल्यावर मी बोरीखाली मान घालून बसलो होतो. तिसरीही मोडली, आता मामाकडे बदनापूरलाच जावं, असं मनात. डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवत नाही. तर समोर तात्यांचे जोडे दिसले.

"किसन, नेम तर तुझा काही खरा न्हाई," तात्या म्हणाले.

"जी."

"अन् तोंडाला लगाम बी न्हाई."

"जी."

"पर फास लागंल असं वाटत असताना बी तू कबूल करायला गेल्तास, ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आमची यमुना..." ते जरा घुटमळले. "आमची यमुना आईला म्हनाली, दोन खेपा एकाच डब्यात दगड टाकनारा मानूस, नेम चुकतो असं कसं म्हनायचं?"

लग्न झालं. थाटात झालं. गोफण मात्र तेव्हापासून आमच्या घरात यमुनेच्या ताब्यात आहे. पाखरं तीच हाकलते, आणि तिचा नेम मी पाहिलाय, त्यामुळे मी घरात फार बोलत नाही.

आता तर परवा-परवापर्यंत लढाईच्या दिवसांत डोक्यावरून किती विमानं गेली. घरघर ऐकू आली की सगळं गाव अंगणात येऊन वर बघायचं. आमची ही वर बघत नाही. ती आधी माझ्याकडे बघते, आणि मग अंगणातले पत्र्याचे डबे एकेक करून घरात नेऊन ठेवते.